घर बघावं वैशाखात

उदगीर, ६ फेब्रुवारी

चि. मंजुश्रीस,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी हाय. तिथपर्यंत वाचलंस तर मिळंल.

काल तुझा फोन कट झाला न्हवता, मी ठेवला. फोनवर तू लई गोड बोलतीस, आन् गोड ऐकलं की माझं डोकं चालत न्हाई. म्हणून इथून पुढं या लग्नाचं जे बोलायचं ते कागदावर. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, माझ्या काना-मात्रांना हसायचं तर हस, पण उत्तर लिहून धाड. लिहिताना हात थांबतो. थांबला की आपण कुठं खोटं बोलून राहिलो ते आपलं आपल्याला कळतं.

अमरनाथ पोरगा मला वाईट वाटला न्हाई. लातूरला काकाकडं राहून शिकला, तू दवाखान्यात रक्त तपासायला लागलीस, तिथं वळख झाली, बरं झालं. बाप महादेवप्पा मूळचा उदगीरचाच, डाळीची दलाली करायला बिकानेरला जाऊन बसला, आता पोरगा बी तिथंच. आपल्यातलेच लोक. पण लग्न झाल्यावर तुला त्या वाळूच्या गावात राहायचं हाय. सासू, सासरा, थोरला दीर, जाऊ, सगळे एका घरात. तुझा बाप, माझा लेक, म्हणतो, "अव्वा हाव म्हणंल तर हाव." म्हणजे जिम्मा माझ्या डोक्यावर. घर बघितल्याबिगर मी हाव म्हणणार न्हाई.

तुझी होणारी सासू उमादेवी म्हणती, "आत्ताच या, हवा लई झकास हाय." मी म्हणलं, वैशाखात येते. यात तुला रडायला काय झालं?

तुझ्या आज्यानं चाकूरकडचं रान बघितलं ते भर वैशाखात. मालक म्हणत होता, "श्रावणात या, विहीर कशी तुडुंब असती बघा." आजा म्हणला, "श्रावणात तर डबकं पण तुडुंब असतंय."

आशीर्वाद.
तुझी अव्वा, शिवकांता


लातूर, १४ फेब्रुवारी

प्रिय अव्वा,

शेवटपर्यंत वाचलं. आशीर्वाद एका शब्दात उरकलास.

घर म्हणजे विहीर नव्हे गं. तिकडं मार्च संपला की ऊन चढायला लागतं. मे महिन्यात लू वाहते, म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा. जूनमध्ये वाळूची वादळं, समोरचा माणूस दिसत नाही. पावसाळा नावालाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच तिथं जायचे दिवस. जगभरातून माणसं येतात ती याच दिवसांत. आणि तू, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी, गुडघ्याला पट्टा बांधणारी बाई, मे महिना निवडतेस!

मागच्या उन्हाळ्यात गुरुपादप्पामामा नांदेडच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. त्यांचं वय तुझ्यापेक्षा कमी आहे. तुझा सख्खा भाऊ आहे, तुला आठवत असेल.

त्यांना चैत्रातली तारीख हवी आहे. तू वैशाख वैशाख करत बसलीस तर लग्न पुढच्या वर्षावर जाईल. उमादेवीकाकूंना राग आलाय. म्हणाल्या, "आम्ही काय चोर आहोत का, असं तपासायला येतात ते?" मला मान खाली घालावी लागली. अमरलाही लागलं.

उन्हाळ्यात असं काय दिसणार आहे तुला, जे आत्ता दिसत नाही? एवढं सांग. मग मी वाद घालणार नाही.

तुझी मंजू


उदगीर, २२ फेब्रुवारी

चि. मंजूस,

विचारलंस म्हणून सांगते. हे तुझ्यापाशी ठेव.

थंडीत ऊन सगळ्यांना पुरतं. अंगणात पडलेलं असतं, सासू बी बसती, सून बी बसती, मांजर बी बसतंय. सगळं घर कसं गोजिरवाणं दिसतं. उन्हाळ्यात सावली पुरत न्हाई. थंडगार खोली एकच असती. मग त्या खोलीत कोण पडून राहतंय आन् चुलीपुढं कोण भाजून राहतंय, हे दुपारच्याला नुसतं दारात उभं राहिलं तरी दिसतं. कुणाला काही विचारावं लागत न्हाई.

त्या घरात एक सून हाय. सुकन्या, निलंग्याची पोर. तिला मी बघणार. तिला जिथं बसवलंय तिथंच उद्या तुला बसवतील.

पारख करणाऱ्यानं आधी सांगायचं नसतं काय पारखणार ते. अमरनाथला सुद्धा सांगू नको. त्याच्यावर विश्वास न्हाई म्हणून न्हवं. तो आईचा लेक हाय म्हणून.

गुरुपादप्पा पडला ते उन्हानं न्हवं, उपाशीपोटी तंबाखू खाल्ल्यानं. त्यालाच सोबत नेणार हाय.

अव्वा


लातूर, १८ मार्च

प्रिय अव्वा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दवाखान्यात तापाची साथ आहे, दिवसभर नुसत्या सुया.

एक चांगली बातमी. बिकानेरकडचे लोक मानले. काकू म्हणाल्या, "वैशाखात तर वैशाखात, येऊ द्या खुशाल, अव्वांची सोय नीट करू." लग्न दिवाळीनंतर करायचं ठरवतील. तिकिटं अमरच काढणार आहे. झालं तुझ्या मनासारखं?

डॉक्टरांना तुझ्या गोळ्यांचं विचारून ठेवते.

तुझी मंजू


उदगीर, २७ मार्च

मंजू,

फेब्रुवारीत जिला राग आला होता, ती मार्चात "खुशाल या" म्हणून राहिली. एवढी हवा कशी पालटली?

तू अमरनाथला काही बोललीस का? न्हाई म्हणायचं असंल तर "न्हाई" हे एवढं एक अक्षर लिहून धाड. बाकी काही लिहू नको.

अव्वा


लातूर, ५ एप्रिल

प्रिय अव्वा,

किती संशय घेशील गं! मी काय बोलणार कुणाला? साखर-मिठाच्या पुड्या बाबांजवळ पाठवल्यात, रोज एक पाण्यातून घे. डोक्याला पांढरं फडकं बांध. दुपारी बाहेर पडू नकोस. पोचल्यावर फोन कर, निदान पोचल्याचं तरी फोनवर सांग.

मंजू


बिकानेर, १७ मे

चि. मंजूस,

पोचले. जिती हाय. फोन गुरुपादप्पानं केलाच असंल.

गाडीत बसल्यावर तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. "मी काय बोलणार" लिहिलंस, "न्हाई" लिहिलं न्हाईस. तेवढं अक्षर लिहिताना हात थांबला म्हण की.

आता इथलं ऐक. ऊन हाय. आपल्या नांदेडकडच्या उन्हाला घाम फुटतो, इथल्या उन्हात घाम वाळून जातो, एवढाच फरक. घर दगडी, दोन मजली. खाली मोठी खोली, तिथं पाण्याचा कूलर. चूल वर गच्चीवर, पत्र्याखाली. चुलीची धग खाली येऊ नये म्हणून.

मी दारात उभी राहिले तर काय बघावं! सुकन्या खाली कूलरपुढं पलंगावर बसलेली, आन् सासू उमादेवी वर पोळ्या लाटून राहिली. मला म्हणाली, "सून म्हणजे लेकच की हो. उन्हाळ्यात मी तिला वर पाऊल टाकू देत न्हाई." कुणाला पटलं असतं. गुरुपादप्पाला पटलं. तो म्हणला, "अक्का, दे की हाव म्हणून, आन् चल घरी."

पण मला तीन गोष्टी सलून राहिल्यात.

एक, सुकन्या त्या गार खोलीत चादर पांघरून कुडकुडून राहिली. बाहेर दगड फुटायची पाळी, आन् हिला शिंका. अंगाला गारव्याची सवय असंल तर माणूस कूलरला शिंकत न्हाई.

दुसरं, उमादेवी. पूजा झाल्यावर आपण कपाळाला विभूती लावतो. वर स्वैपाक करताना तिची विभूती घामानं धुवून जाती, तर ती दर वेळी दचकून कपाळाला हात लावून बघती. वर्सानुवर्सं चुलीपुढं बसणारी बाई दचकत न्हाई. तिला ठाऊक असतंय की राहत न्हाई म्हणून.

तिसरं काल झालं. मला घेरी आली. घाबरू नको, आली आन् गेली. उमादेवी मीठ-साखरेचं पाणी करायला वर गेली, आन् वरनं नुसता डब्यांचा खडखडाट. तिला मीठ सापडंना. स्वतःच्या चुलीवर मीठ सापडंना! एवढ्यात सुकन्या चादर टाकून उठली, दोन-दोन पायऱ्या चढत गेली, आन् मी सावरायच्या आत पेला माझ्या तोंडाला लावला. मग सासूनं तिच्याकडं बघितलं. पोरगी गपकन पुन्हा पलंगावर जाऊन बसली, चुकून उठल्यासारखी.

अमरनाथ दारात होता. त्यानं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं तर तो चपला शोधाया लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

आता तू लिही. "न्हाई" का "हाव". इथल्या पत्त्यावर धाड.

अव्वा


लातूर, २२ मे

अव्वा,

हाव.

मी अमरला सांगितलं. तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं त्याच आठवड्यात. मला वाटलं, तो समजून घेईल, घरात काही कमी-जास्त असेल तर आधीच नीट करील. त्यानं आईला सांगितलं असणार. माझ्यामुळे झालं.

पण अव्वा, जरा माझ्या बाजूनंही बघ. पाहुणे येणार म्हटलं की कोण घर आवरत नाही? मला बघायला मंडळी आली तेव्हा तूच फुटक्या कपाटाला पडदा लावलास. सुकन्यावहिनींना आठवडाभर कूलरपुढं बसायला मिळालं, यात त्यांचं काय वाईट झालं? तू गेलीस म्हणूनच मिळालं ना? आणि एरवी त्या वरच करत असतील स्वयंपाक, तर कुठल्या घरात सून करत नाही? मीही करीन. मला चूल नवीन नाही.

तुला घेरी आली ते मी डॉक्टरांना सांगितलं. तू लवकर ये. "नको" म्हणायचं असेल तर इथं येऊन म्हण. पण तिथं आणखी राहू नकोस.

मंजू


बिकानेर, २८ मे

मंजू,

फुटक्या कपाटाला पडदा लावला, हाव. कपाट लपवणं येगळं आन् माणूस लपवणं येगळं. रक्त तपासून तपासून तुला एवढं तरी कळायला पाहिजे होतं.

तुझं पत्र काल मिळालं. तोवर मला बाकीचं कळलं होतं.

परवा दुपारी मी सुकन्याला म्हणलं, "ये, तुझी येणी घालून देते." ती म्हणाली, "नको अव्वा, मी घातलीय." म्हणलं, "तू घातलीय ती तुझी. मी घालते ती माझी." उमादेवी वर होती. मी दार ओढून घेतलं, तिला पुढ्यात बसवलं आन् मानेवरचे केस वर उचलले.

मंजू, मानेपासून खाली पाठभर घामोळं. राळ्याचं बी पेरल्यासारखं. मधेच पिकलेलं, मधेच खाजवून सोललेलं. कूलरपुढं बसवून घर बदलता येतं गं, एका आठवड्यात पाठ बदलता येत न्हाई.

मी काही विचारलं न्हाई. तेल लावत राहिले. तीच हळूच बोलली, "अव्वा, मला इथं घर दाखवलं ते पौषात. गच्चीवर ऊन लई छान होतं. पत्रा बघितला आन् मी म्हणलं, बरं झालं, स्वैपाक करताना ऊब लागंल."

म्हणलं, "आंब्याच्या दिवसांत माहेरी जात न्हाईस?" लेकीला न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो, त्याबिगर ती निघत न्हाई, हे तिथं बी पाळतात. तर म्हणाली, दर साली भाऊ यायचं म्हणतो आन् दर साली त्याला इकडनं फोन जातो, "एवढ्या उन्हात प्रवास कशाला, दिवाळीला या, हवा चांगली असती." दिवाळीला तो येतो, हवा चांगली असती, बहीण हसत असती, तो परत जातो.

मग मी सगळ्यांना खाली बोलावलं. महादेवप्पा, उमादेवी, सुकन्याचा नवरा राजशेखर, तुझा अमरनाथ. म्हणलं, "निलंग्याहून मुराळी येत न्हाई तर मी मुराळी. सुकन्याला घेऊन चालले. पाऊसकाळ लागला की तिचा भाऊ आणून सोडंल."

उमादेवी म्हणाली, "अहो, मग या उन्हात वर स्वैपाक कोण करणार?"

त्या घरात मी ऐकलेलं पहिलं खरं वाक्य.

राजशेखर बायकोकडं बघत राहिला, जशी नवीनच दिसली. अमरनाथ उभा होता. थोड्या वेळानं जाऊन सुकन्याचं तिकीट काढून आला आन् तिची पिशवी उचलून दारात ठेवली. मुक्यानं पिशवी उचलणं चांगलं का वाईट, ते तू ठरव. लग्न तुला करायचंय. "हाव" आन् "न्हाई" दोन्ही आता तुझ्याकडं. मी घर बघितलं, माझं काम झालं.

उद्या निघतो. गुरुपादप्पा माझ्याशी बोलत न्हाई. म्हणतो, "लोक घर बघून पेढा घेऊन येतात, तू सून घेऊन निघालीस."

अव्वा


लातूर, ९ जून

प्रिय अव्वा,

रविवारी निलंग्याला जाऊन आले. वहिनींच्या आईनं मला आत बोलावलं आणि पाठ दाखवली. वाळत आलंय. मी मलम दिलं, मग बाहेर येऊन बराच वेळ रस्त्यावर उभी राहिले. "मीही करीन, मला चूल नवीन नाही" असं तुला लिहिलं होतं ना मी? ते पत्र जवळ असेल तर फाडून टाक.

अमरला फोन केला. म्हटलं, "तुला पत्र्याचं ठाऊक होतं?" तो म्हणाला, "घरात राहतो, ठाऊक कसं नसेल." म्हटलं, "मग मी सांगितल्यावर काय केलंस?" म्हणाला, "आईला म्हणालो, अव्वा येतील तेवढे दिवस वहिनीला खाली ठेव." अव्वा, तेवढे दिवस! मी ज्याला समजूतदार समजत होते तो हा.

मी त्याला सांगितलं, माझं लग्न थांबलं. मोडलं असं म्हणवलं नाही. त्यानं विचारलं, "मी काय करू?" मी म्हटलं, मला नाही ठाऊक, अव्वाला विचार. आणि तिच्याशी फोनवर बोलू नकोस, ती ठेवून देते.

मला जेवण जात नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिताना हात थांबला नाही.

मंजू


बिकानेर, २० जून

ती. अव्वांना सा. न. वि. वि.,

तुम्ही माझं पत्र वाचाल की नाही, माहीत नाही. मराठी लिहायची सवय लातूर सुटल्यापासून मोडली, चुका पदरात घ्या.

वहिनी गेल्यावर आई दोन दिवस वर गेली आणि तिसऱ्या दिवशी पडून राहिली. बाबा म्हणाले, बाई ठेवू. बाई आली, पत्रा बघून परत गेली. मग मी वर जायला लागलो. सकाळी बाजारात जायच्या आधी पोळ्या, आल्यावर भाजी. दादा कणीक मळतो, वाईट मळतो. पहिल्या दिवशी चुलीपुढं उभा राहिलो तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली. वहिनी हे सहा वर्षं करत होत्या आणि मी खाली बसून "पोळी गार का" म्हणून विचारत होतो.

आई चिडते. म्हणते, ती म्हातारी येऊन घर उलटंपालटं करून गेली. परवा मात्र बाबा वर आले, पत्र्याला हात लावला, चटका बसला, हात झटकत खाली गेले. चूल खाली आणायचं बोलणं चाललंय. अजून आणलेली नाही.

मंजूनं लग्न थांबवलंय. तिचं बरोबर आहे. मी तुम्हांला फसवलं. माफी मागायला तोंड नाही, म्हणून फक्त झालं ते लिहिलं. माझ्या पाठीवर आता घामोळं आलंय. खोटं वाटत असेल तर फोटो पाठवतो.

आपला,
अमरनाथ


उदगीर, २७ जून

अमरनाथ,

पत्र वाचलं. चुका लई हायत, पण कुठं खाडाखोड न्हाई.

चूल खाली आणायचं बोलणं चाललंय म्हणतोस. बोलण्यावर पोळी भाजत न्हाई. आणली की सुकन्याच्या भावाला कळव, म्हणजे तिला केव्हा सोडायचं, का सोडायचंच न्हाई, ते ती ठरवंल.

फोटो धाडू नको. फोटो बी पौषातल्या घरासारखाच असतोय, दाखवणाऱ्याला पाहिजे तेवढंच दिसतं. पाठ घेऊन ये. आधी निलंग्याला जा, भावजयीला दाखव, ती काय म्हणंल ते मुकाट ऐक. तिथनं माझ्याकडं ये. मंजू लातूरला रक्त तपासती, मी हितं कातडी तपासते. त्यानंतर तिच्या दारात जायचं का न्हाई ते मी सांगन. ती दार उघडंल का, हे मी सुद्धा सांगू शकत न्हाई.

उशीर करू नको. इकडं आभाळ भरून राहिलंय. गारवा सुटला की घामोळं जातं, आन् गेल्यावर कुणीही म्हणतं, मला आलं होतं. त्याच्या आत ये.

आशीर्वाद लिहीत न्हाई. पाठ बघून देते.

शिवकांता